नारोचं ताट

टोकोरोआ, न्यूझीलंड
६ जून १९७६

चि. आपीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला म्हणून तू शिव्या मोजत बसली असशील, त्या इथवर पोचल्या. नारो सुखरूप आली. विमानात चर्चच्या पाळकीणबाईंनी तिला खिडकीशी बसवलं होतं आणि ही बाई डोक्यावरची टोपी दोन्ही हातांनी धरून बसली होती म्हणे. उडून जाईल म्हणून. ऑकलंडला उतरली तीही तशीच, तू विणलेली टोपी धरून. तिला पाहिलं आणि आमचे हे, कारखान्यात दिवसभर ओंडके लोळवणारा एवढा धिप्पाड माणूस, सगळ्यांसमोर भोकाड पसरून रडायला लागले. नारोने फ्रॉकच्या खिशातला रुमाल काढून त्यांना दिला. तेव्हापासून तिमोती जो भेटेल त्याला ही गोष्ट सांगतात, आणि दर वेळी पुन्हा रडतात.

आता खरं सांगू? मला काही कळेनासं झालंय. इतकी वर्षं मूल नाही म्हणून रडले, आणि आता तुझी पोर माझी होऊन घरात आलीय तर तिच्यासमोर मी बावळटासारखी उभी असते. पोर इतकी शहाण्यासारखी वागते की भीती वाटते. रडत नाही, हट्ट करत नाही, काही मोडत नाही. हात मांडीवर ठेवून बसते. आंघोळ कर म्हटलं की करते, झोप म्हटलं की डोळे मिटते. मला आई म्हणते, पण तिकडे ती तुला, तुझ्या जाऊबाईंना आणि पाळकीणबाईंनाही आईच म्हणायची, तेव्हा त्यात मी किती हुरळून जायचं?

आणि जेवत नाही. दोन घास खाते, फार छान झालंय म्हणते आणि ताट बाजूला सारते. फार छान झालंय! पाच वर्षांची पोर! मी काही कमी करत नाही गं. इथे अळूचे कांदे सोन्याच्या भावाने मिळतात, तरी रोज आणते. चांगला टेबलक्लॉथ घालते, पहिलं ताट तिचं, त्यात कोंबडीची तंगडी तिची, आणि तिचं झाल्याशिवाय आम्ही दोघं हात लावत नाही. बाजूला उभी राहून मी पंख्याने वारासुद्धा घालते. इथल्या जूनच्या थंडीत माशी औषधालाही सापडत नाही, पण हात आपोआप चालतो. परवा तिमोती म्हणाले, अगं पोर काकडतेय, पुरे कर.

रोज सकाळी टोपी घालून ती पायरीवर बसते आणि बोट कधी येणार म्हणून विचारते. समुद्र इथून किती लांब आहे ते मी तिला कसं समजावू? तू तिला काय सांगून पाठवलंस? तिला काय आवडतं, कशाला रुसते, सगळं लिही. तेआवाला आणि बाबांना नमस्कार, छोट्या तेरेचा पापा घे. माया आहे तशीच ठेव.

तुझी ताई,
मोएरोआ

---

ओनेरोआ, मांगाइआ बेट
२४ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

नारो आणि जेवत नाही? ताई, विमानतळावर घाईघाईत दुसऱ्याच कुणाची पोर उचललीस का? नीट बघ, डाव्या गुडघ्यावर खरचटल्याची खूण असेल तरच आपली. अगं, इथे ती सकाळी आमच्याकडे खायची, दुपारी जाऊबाईंकडे, मग विहिरीपलीकडच्या म्हातारीकडे, आणि संध्याकाळी पुन्हा माझ्यापुढे हजर, जणू कुणी अन्न दाखवलंच नाही. तिच्या तोंडून फार छान झालंय हे मी जन्मात ऐकलेलं नाही. मीठ कमी आहे, हे ऐकलंय.

नारळाच्या दुधातलं अळू तिला फार आवडतं. करपलं तरी चालतं. रुसली की पलंगाखाली जाते, तेव्हा ओढून काढायची नाही, आपण आपलं काम करत राहायचं, भूक लागली की येते. मी तिला एवढंच सांगितलं, की मोएरोआआईकडे जायचंय आणि शहाण्यासारखं वागायचंय. आपलं नाव घालवायचं नाही, असं म्हणाले. कुणीही म्हणेल तेच म्हणाले.

इथे अननस तयार झालेत आणि बोट वेळेवर येईल की धक्क्यावर कुजतील, या काळजीत आमचे तेआवा आहेत. बाबांनी रविवारी प्रार्थना इतकी लांबवली की पाळकच मध्ये आमेन म्हणाले. तेरे रोज दुसऱ्यांच्या घरात डोकावून बहिणीला शोधतो. परवा जाऊबाईंच्या कोंबड्यांच्या खुराड्यातही बघून आला.

मी बरी आहे. तू विचारलं नाहीस, तरी सांगते.

भावजींना नमस्कार. नारोला, म्हणजे तुमच्या नारोला, पापा. लोभ कमी करू नये, ही विनंती.

तुझी धाकटी,
तेरेआपी

---

(याच पाकिटात)

चि. मोएरोआ हीस बाबांचा आशीर्वाद.

आपीने तुझं पत्र वाचून दाखवलं. माझे डोळे अधू झालेत, अक्कल नाही. दत्तक मुलाला आपले वाडवडील भरवलेलं मूल म्हणत आले, ते काय उगाच? जो भरवतो त्याचं मूल. पोटातून कुणाच्याही येईना का, ताटातून ते आपलं होतं. तू हात आखडता घेत असशील. शहरात राहून माणसं चिक्कू होतात. तिला आणखी वाढ, उत्तम ते तिला आधी दे, आग्रह कर. मीसुद्धा माझ्या आत्याकडे असाच वाढलो आणि आज चर्चचा डीकन आहे.

जावयांना सांग, गाडी सावकाश चालवा.

बाबा

---

टोकोरोआ
१४ जुलै

चि. आपीस आशीर्वाद.

आधी तुला विचारते: कशी आहेस? जेवतेस ना? झोप लागते ना? मागच्या पत्रात विचारायचं राहिलं, त्याचा टोमणा बरोबर बसला.

बाबांच्या सांगण्याप्रमाणे केलं. आणखी वाढलं, आणखी आग्रह केला. केळी शिजवून गोड पोके केलं, कच्च्या माशाला लिंबू पिळलं, रविवारच्या मेजवानीला करतो ते बिटाचं गुलाबी सॅलडसुद्धा बुधवारी केलं. शेजारून डुकराचं मांस मागून आणलं. ती आणखीच आवरून बसायला लागली. आता एकच घास घेते, आणि उठताना ताटाला हात जोडल्यासारखं करून देवाने तुमचं भलं करावं असं म्हणते. आपी, हे शब्द तिला कुणी शिकवले?

आता लाज वाटण्यासारखं सांगते. शेजारी मिसेस प्रॅट म्हणून गोऱ्या बाई आहेत. त्यांची चार पोरं, घर म्हणजे नुसता बाजार. मंगळवारी नारो दिसेना. मी चपलांशिवाय रस्ताभर धावले. तर ही बया त्यांच्या स्वयंपाकघरात! न विचारता मागच्या दाराने गेली, पातेल्याचं झाकण काढून आत पाहिलं, आणि त्यांच्या पोरांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. इथे कुणी असं दुसऱ्याच्या घरात शिरत नाही गं. मी माफी मागायला तोंड उघडलं तर बाई म्हणाल्या, राहू दे हो, वाटाणे सोलायला एक जास्तीचा हात मिळाला. नारो ओट्याशी उभी राहून बटाटे खात होती, नुसते उकडलेले, वर मीठसुद्धा नाही. तीन बटाटे खाल्ले. मी दारात उभी राहून बघत होते. त्यांनी तिला चिखलाच्या पायांवरून ओरडूनही घेतलं, आणि ही हसली! माझ्याकडे आल्यापासून पहिल्यांदा तिचे दात दिसले, ते परक्या बाईच्या घरात.

आता रोज तिकडे जाते. चर्चमधल्या बायकांना कळलंच. एकीने मला विचारलं, मोएरोआ, घरात अन्न कमी पडतंय का गं, चर्चकडून काही पाठवू का? अन्न कमी पडतंय, हे आपल्या माणसाने आपल्या माणसाला विचारावं! मी हसून दाखवलं आणि घरी येऊन भांडी आपटली.

तिमोती म्हणतात, पोर लहान आहे, वेळ लागेल. पण तेही कामावरून आले की आधी ताट बघतात. मला वाटतं, मुलांना कळत असावं. देवाने मला मूल दिलं नाही त्याला काही कारण असेल, आणि ते कारण या पोरीला माझ्या तोंडावर दिसत असेल. तू म्हणशील, ताई वेड्यासारखं बोलते. बोलते खरी. तू सांग, मी काय करू? तिची रोज अशी उपासमार बघवत नाही.

तुझी ताई

---

ओनेरोआ
१ ऑगस्ट

ती. ताईस सा. न.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, तेआवांनी एकदा, आणि बाबांना वाचून दाखवलं नाही.

नारोला परत पाठव.

रागाने लिहीत नाही. रागाने लिहिलेलं पत्र काल चुलीत घातलं, हे दुसरं. माझी पोर परक्या घरी उकडलेले बटाटे खाते, आपल्या मावशीच्या घरी उपाशी राहते आणि म्हाताऱ्या पाहुण्यासारखं भलं करावं म्हणते, हे वाचून मी इथे अननस निवडत बसू का? तेआवा बोटीच्या कप्तानाशी बोलून आलेत. रारोटोंगाला कुणी तिला विमानातून उतरवून घेतलं तर पुढे तो बोटीवर तिची नीट सोय करीन म्हणाला.

दिलेलं मूल परत मागत नाहीत, हे मला बाबांनी सांगायला नको. लोक काय म्हणतील तेही ठाऊक आहे. पण एक गोष्ट मला कुणालाच सांगता आली नाही, ती तुला सांगते. बाबांच्या वाढदिवसाच्या जेवणाला सगळे बसले होते. तू म्हणालीस, आपी, नारो मला दे. सगळ्यांचे घास थांबले, सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उठले आणि अळूचं पातेलं आणायला आत गेले. परत आले तर बाबा देवाचे आभार मानत होते, तू जाऊबाईंच्या गळ्यात पडून रडत होतीस आणि भावजी माझे हात हातात घेऊन हलवत होते. मी पातेलं खाली ठेवलं आणि वाढायला लागले.

ताई, मी हो कधी म्हटलं? मी रोज आठवून बघते. मला आठवत नाही. नाही म्हटलं असं तर मुळीच आठवत नाही, आणि सख्ख्या बहिणीला नाही कुणी म्हणतं का? पण पातेलं आणायला गेले म्हणजे हो, असं ठरलं कुठे?

मला कळत नाही मी काय लिहितेय. तू रागावू नकोस. नारोला परत पाठव.

आपी

---

टोकोरोआ
५ ऑगस्ट

चि. आपीस खूप खूप आशीर्वाद!

तुझं उत्तर यायच्या आधीच लिहितेय, कारण मला दम धरवत नाही. नारो जेवली! पोटभर जेवली! आणि कशी, ते ऐकून तू कपाळावर हात मारशील.

शनिवारी आमच्या चर्चमधल्या एका मुलाचे पहिल्यांदा केस कापायचा समारंभ होता. अख्खं गाव जेवायला, आणि अळूची जबाबदारी माझ्यावर. पहाटेपासून आमच्या गॅरेजमध्ये आम्ही बायका सोलतोय, किसतोय, पिळतोय. माझे हात खाजेने लाल, पाठीचा काटा ढिला, त्यात चूल विझली. आणि नारो नेहमीसारखी टोपी घालून खुर्चीवर, हात मांडीवर. माझं डोकंच फिरलं. मी सगळ्यांसमोर ओरडले, की काय बसलीस पाहुण्यासारखी, डोळे फुटलेत का, ऊठ आधी, ती टोपी काढ आणि तेवढी पातेली घासायला घे!

बोलले आणि जीभ चावली. तुझा चेहरा माझ्यासमोर आला. पण नारो टुणकन उठली गं. टोपी खुंटीला लावली, बाह्या वर केल्या आणि नळाशी जाऊन बसली. घासता घासता पातेल्याच्या बुडाशी करपलेलं अळू होतं ते बोटाने खरवडून खाल्लं. मग दुसऱ्याचं. मग माझ्याकडे येऊन म्हणाली, याला मीठ कमी आहे.

आपी, मी तिथेच चुलीपुढे बसले आणि हसले की रडले ते मला आठवत नाही. तिला जवळ घेऊन विचारलं, मग इतके दिवस का गं जेवली नाहीस? तर म्हणाली, आधी जेवतो तो जातो ना. मला समजेना. तेव्हा तिने मला बावळट समजून नीट सांगितलं. आपल्या घरी पाळक येतात, ते आधी जेवतात, आपण वारा घालतो, मग ते देवाने भलं करावं म्हणून घरी जातात. मागून जेवतात ती घरची माणसं. तिला वाटलं, आज ना उद्या आपली बोट येणार, आणि आम्ही तिची फार खातिर करतोय, तर आपण थोडंच खावं. पाहुण्याने ताट साफ करू नये, असं तूच तिला शिकवलंस म्हणे. मग तिनेच मला विचारलं, मी आता पाहुणी नाही का?

सांग, दुसऱ्या कुठल्या मुलखातल्या बाईने ही चूक केली असती? जितकं प्रेम करत गेले तितकी पोरीला दाराबाहेर काढत गेले, आणि वर बाबा सांगताहेत, आणखी वाढ!

आता सगळं गोड झालं असं समजू नकोस. रात्री अंथरूण ओलं करते. मिसेस प्रॅटकडे अजून जातेच. काल ताट धुतलं नाही म्हणून मी रागावले तर पलंगाखाली गेली आणि मला वाईट आई म्हणाली. मी आपलं काम करत राहिले. मनातून मात्र मला इतका आनंद झाला की तो कुणाला सांगायचा ते कळेना, म्हणून तुला सांगतेय. बोट कधी येणार, हे मात्र आजही विचारलं. त्याचं उत्तर मला अजून येत नाही.

तुझी ताई

---

टोकोरोआ
१९ ऑगस्ट

चि. आपीस आशीर्वाद.

तुझं १ तारखेचं पत्र आज मिळालं. माझं आनंदाचं पत्र एव्हाना वाटेत आहे, आणि ते वाचून तुला काय वाटेल याची आता धास्ती वाटते.

मी तिमोतींना विचारलं, आपी त्या दिवशी हो म्हणाली होती ना? म्हणाले, म्हणजे काय, म्हणालीच. कुठल्या शब्दांत, असं विचारलं तर डोकं खाजवत बसले. मलाही वाटत होतं की मी तुझा हो ऐकला. आज दिवसभर तो ऐकू यावा म्हणून प्रयत्न करतेय, तर पातेल्याचा आवाज ऐकू येतो फक्त.

पुढच्या महिन्यात आपल्या चर्चमधलं एक कुटुंब रारोटोंगाला जातंय. पाठव म्हणालीस तर त्यांच्याबरोबर नारोला पाठवीन. तिची टोपी खुंटीवरून मीच काढून देईन. रुसणार नाही, लोकांना मी काय सांगायचं ते सांगीन, आणि तुला कुणी नाव ठेवलं तर त्याच्याशी भांडीन. नारोला मात्र यातलं काही विचारणार नाही. एवढ्याशा पोरीला आयांमधून निवड करायला सांगणं मला जमणार नाही.

ठेव म्हणालीस तर ठेवीन.

पण आपी, या वेळी तू बोल. पातेलं आणायला जाऊ नकोस.

तुझीच,
मोएरोआ

---

ओनेरोआ
११ सप्टेंबर

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

समुद्र खवळल्यामुळे बोट लांबली आणि तुझी दोन्ही पत्रं एकाच दिवशी हातात पडली. माझं नशीब असं, की आधी शेवटचं उघडलं. टोपी, खुंटी, आनंदाचं पत्र, काही संदर्भ लागेना. तेआवा म्हणाले, ताईंना थंडी बाधली. मग पहिलं उघडलं.

खरं सांगते, आधी मी भडकले. माझ्या पोरीला चारचौघांत डोळे फुटलेत का म्हणणारी तू कोण? गार पाण्यात पातेली घासायला लावणारी कोण? चुलीपुढे उभी राहून मी तुला मोठ्याने बोलत होते आणि तेरे माझ्याकडे टकामका बघत होता. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, की मी तिला हेच शब्द किती वेळा म्हणाले असेन. डोळे फुटलेत का, हे तर मी आपल्या आईकडून घेतलं आणि तूही तिथूनच घेतलंस. मग मिठाचं वाचलं आणि मला हसू फुटलं. हसतेय म्हणून तेरे हसला, आणि नंतर मी रडायला लागले तर तो पळून गेला.

तेआवा कप्तानाला जाऊन सांगून आले, की सोय नको. कप्तान म्हणाला, तुम्हा लोकांचं एक काही ठरत नाही. बरोबरच म्हणाला.

ताई, नारो मी तुला दिली. हो. चुलीवर पातेलं आहे, ते उतू जातंय असा वास येतोय, आणि मी जागची हललेली नाही. हो म्हणतेय. कुणी बघत नाही, बाबा प्रार्थना करत नाहीत, मी एकटी बसून हो म्हणतेय. बरोबर करतेय की चूक, ते मला ठाऊक नाही. उद्या सकाळी उठून छाती बडवीन, कदाचित परवाही. पण तू ते मनावर घ्यायचं नाही, आणि मी परत पाठव असं लिहिलं तर ते पत्र चुलीत घालायचं. हे मी शहाणपणाने लिहिलंय, ते खरं धर.

तिला ओरड, पण सकाळी उठल्या उठल्या नको, तेव्हा ती अर्धी झोपेत असते. त्या प्रॅटबाईंना माझ्या अननसांतले चार मिळतील असं बघते. येत्या नाताळात नको, मला तेवढं झेपणार नाही. पुढच्या नाताळात या, सगळे या.

बोट कधी येणार याचं उत्तर मलाही येत नाही. तिने विचारलं तर तिला टाळू नकोस, बोट येते आणि जाते एवढं सांग.

बाबांना मी काही सांगितलं नाही. त्यांना वाटतं, त्यांच्याच सल्ल्याने पोर जेवायला लागली. वाटू दे.

भावजींना नमस्कार सांग. तुझी माया अशीच राहू दे, तिचीच आता मला गरज आहे. नारोला माझा आशीर्वाद सांग. कुणाचा म्हणून सांगायचा, ते मला सुचत नाही. तूच काय ते ठरव.

तुझी,
आपी